फायरिंग ऑर्डर आणि जावई

घरच्या घरी उघडून पुन्हा जोडलेली गाडी सुरू होईनाशी झाली, की कोणताही अनुभवी फिटर आधी एकच विचारतो, "शेवटचा हात कुठे लागला होता?" निदानाची निम्मी वाट या प्रश्नातच सरते. परंतु तो हात आपल्या सासऱ्यांचा असेल, तर हा प्रश्न तोंडातून काढण्याची सोय उरत नाही, आणि मग तो हात जिथे लागलेला नाही असे सगळे इंजिन तपासत बसावे लागते.

आमच्या सासऱ्यांकडे, म्हणजे सांगलीच्या नानांकडे, 1997 सालची मारुती 800 आहे. तीन सिलिंडर, 796 सीसी, हवेत पेट्रोल मिसळून देणारा कार्बोरेटर. संगणकाचे नाव नाही. माणसाला समजेल असे हे शेवटचे इंजिन, असे नानांचे मत आहे. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेल्यामुळे कालव्याच्या पाण्यापासून कार्बोरेटरच्या पेट्रोलपर्यंत जे जे वाहते ते आपल्या अखत्यारीत येते, असे ते मानतात. ट्यूनिंगसाठी गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा त्यांना खर्चापेक्षा अपमान अधिक वाटला, आणि शनिवारी दुपारी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी काम हाती घेतले.

त्यांचे काम हलगर्जीपणाचे होते असे मी मुळीच म्हणणार नाही. प्लग काढून, जुन्या टूथब्रशने पेट्रोलमध्ये घासून, टोकांमधली फट मोजण्यासाठी त्यांनी फीलर गेजची पत्ती घातली, आणि ती 0.7 ते 0.8 मिलिमीटरच्या दरम्यान बसेपर्यंत कुणालाही चहा पिऊ दिला नाही. एअर फिल्टर झटकला. प्रत्येक प्लगला त्याच्या पाळीने करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप आतून पुसली. प्लगच्या तीन वायरी मात्र तेलकट होऊन काळ्या पडल्या होत्या. त्या दोन्ही टोकांनी उपसून, साबणाच्या फडक्याने पुसून, अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या गेल्या. या साऱ्या कथेत नोंद घेण्यासारखा प्रसंग खरे तर हाच होता, पण त्या वेळी सासूबाईंच्या आज्ञेवरून मी त्याच दोरीवरचे टॉवेल काढत होतो.

रविवारी सकाळी नरसोबाच्या वाडीला जायचे ठरले होते. नारळ, पेढे, पाण्याची बाटली आणि सासूबाई असे सगळे मागच्या सीटवर बसल्यावर मी किल्ली फिरवली. सेल्फ खणखणीत फिरला, इंजिन क्षणभर पेट घेतल्यासारखे थरथरले, कार्बोरेटरमधून 'फट्' असा आवाज आला, त्याला मागे सायलेन्सरने 'फुस्स' असे अनुमोदन दिले, आणि सगळे शांत झाले. "चोक ओढा," नाना म्हणाले. मी चोक ओढला. "आता आत ढकला." मी ढकलला. असे पुष्कळ वेळ चालल्यावर पेट्रोलचा वास थेट देवघरापर्यंत पोचला, आणि सासूबाई पेढ्यांसह खाली उतरून एसटीच्या वेळा विचारू लागल्या.

उघड्या बोनेटला माणसे का जमतात हे एक कोडेच आहे. प्रथम समोरचे निवृत्त एसटी ड्रायव्हर आले. त्यांची सारी नोकरी डिझेलवर झालेली असल्यामुळे, "एअर धरली आहे, पाईप ढिला करून पंप मारा," असा निर्वाळा त्यांनी लांबूनच दिला. पेट्रोलच्या गाडीला तो उपाय लागू नाही, हे ऐकून त्यांनी पेट्रोलचीच कीव केली. पाठोपाठ शाळेत विज्ञान शिकवणारे गुरुजी आले आणि त्यांनी चौकशीला काही शिस्त लावली. सेल्फ जोरात फिरतो, तेव्हा बॅटरीवर संशय नको. प्लग काढून पाहिले तर तिन्ही ओले, म्हणजे पेट्रोल पोचते आहे. प्लग वायरला जोडून इंजिनाच्या अंगाला टेकवायचा आणि सेल्फ मारून ठिणगी पाहायची, असे पुढे ठरले. पण तो धरायचा कुणी यावर थोडा वेळ गेला, कारण जावयाला करंट बसलेला आपल्या घराण्यात चालणार नाही, असे सासूबाईंनी बजावले. शेवटी गुरुजींनीच रबरी मुठीच्या पकडीत प्लग धरला. प्लगच्या टोकाशी निळी, कडक, 'टिक्' असा आवाज करणारी ठिणगी पडली, आणि गुरुजींच्या चेहऱ्यावर प्रयोग यशस्वी झाल्याचे समाधान पसरले. गाडी अर्थातच तशीच होती.

पेट्रोल आहे, हवा आहे, ठिणगीही आहे. मग उरते ती ठिणगीची वेळ. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर एक-तीन-दोन असा आहे. पहिल्या सिलिंडरनंतर तिसरा आणि मग दुसरा पेटतो, आणि दोन पेटण्यांमध्ये क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, 240 अंश फिरतो. दोन आणि तीनच्या वायरी एकमेकींच्या जागी गेल्या, तर दुसऱ्या सिलिंडरला ठिणगी मिळते ती हवा-पेट्रोल आत ओढत असतानाच, आणि उघड्या व्हॉल्व्हमधून जाळ उलटा कार्बोरेटरकडे येतो. तिसऱ्याला ती मिळते जळलेले बाहेर टाकण्याच्या वेळी, म्हणून त्याचा बार सायलेन्सरमध्ये निघतो. बिचारा पहिला तेवढा इमानाने पेटत असतो, म्हणूनच इंजिन क्षणभर थरथरून आशा लावते. पुढे 'फट्' आणि मागे 'फुस्स' यांचा इतका चोख खुलासा दुसरा कुठलाही नव्हता. शिवाय एक वायर तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली आणि तिच्या शेजारची ढिली लोंबत असलेली मला स्पष्ट दिसत होती.

पण हे सांगायचे कसे? "नाना, या वायरींना काही क्रम असतो का हो?" असे मी शक्य तितक्या अज्ञानाने विचारले. "वायरी तीन, जागा तीन. चुकायला वाव कुठे आहे?" असे त्यांनी मलाच विचारले. तीन वायरी तीन जागी लावण्याचे प्रकार सहा होतात आणि त्यांतले पाच चुकीचे असतात, हे गणित गुरुजींना नक्की येत होते, परंतु नानांनी त्यांच्या मुलीचे लग्न जमवून दिलेले असल्यामुळे तेही आकाशाकडे पाहू लागले.

त्यानंतर गल्लीने गाडीला धक्का दिला. दुसरा गिअर टाकून मी क्लच सोडला, आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गाडी फटाके वाजवीत गेली. परत आणताना चढ होता. त्यावर अधिक लिहीत नाही. दुपारपर्यंत बॅटरीही उतरली. आता खरोखरच तिच्यावर संशय घेता येऊ लागल्यामुळे नाना बरेच हुशारले, आणि नवी बॅटरी घेण्याची भाषा सुरू झाली तेव्हा सासूबाईंनी कुणालाही न विचारता गॅरेजला फोन लावला.

दुसरी बॅटरी आणि जंपर वायरी घेऊन एक विशीतला फिटर आला. सेल्फचा एकच आवाज त्याने ऐकला, ताणलेल्या वायरीकडे पाहिले, मग नानांच्या तेलकट हातांकडे, मग माझ्याकडे. "कुणी काम केलं होतं का हो?" त्याने विचारले. "मी स्वतः सर्व्हिसिंग केलंय," नाना म्हणाले. पोराने तोंडावरची रेषही हलू दिली नाही. "काका, उंदीर शिरलाय बघा इंजिनात. बोनेटखाली ऊब असते, रात्री येऊन बसतात. वायरी ओढल्यात त्यानं." एवढे बोलून त्याने दोन वायरी उपसल्या, अदलाबदल करून दाबल्या, आणि जंपर लावताच गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"रात्री खुडबुड ऐकू आलीच होती मला," नाना म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत हा उंदीर गल्लीत सर्वांच्या परिचयाचा झाला. एसटीवाल्यांनी तर त्याला पाहिल्याचेही आठवून सांगितले. गुरुजींना मात्र राहवले नाही. "नाना, उंदीर वायर कुरतडेल, ओढेल, हे समजतं. पण दोन वायरी काढून त्यानं एकमेकींच्या जागी नीट बसवल्या कशा?"

नानांनी चहाची बशी खाली ठेवली. "गुरुजी, सांगलीचा उंदीर आहे तो. खुद्द गणपतीचं वाहन. त्याला वाहनातलं कळणार नाही, तर काय तुम्हाला कळणार?"