डेटाचं बटण म्हणजे रिक्षाचं मीटर नव्हे

'झोपताना मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर कंपनी रात्रभर मिनिटामिनिटाला तुमचा डेटा कापते,' असा मेसेज सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. सोबत आणखी दोन दावे: डेटा चालू असला की टॉवरची एक लाइन तुमच्या नावावर अडकून राहते, आणि 4जीवरून साधा कॉल केला तरी नेटपॅक संपतो.

मिनिटांचा हिशेब एकेकाळी खराच होता. जीपीआरएस (मोबाइलवर डेटा तुकड्यातुकड्यांनी पाठवायची पद्धत) येण्याआधी जीएसएम, म्हणजे 2जी फोनवर नेट लावायचं म्हणजे चक्क कॉल लावायचा. वेग सेकंदाला 9.6 किलोबिट, आणि तुम्ही नुसतं पान वाचत बसलात तरी मिनिटं मोजली जायची, कारण एका फ्रीक्वेन्सीवरच्या 8 टाइमस्लॉटपैकी (आळीपाळीने वाटलेल्या वेळेच्या तुकड्यांपैकी) एक तेवढा वेळ तुमच्यासाठी राखलेला असायचा. जीपीआरएसने नेमकं हेच मोडलं. पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, पाठवायची किंवा घ्यायची असतील तेवढ्यापुरता स्लॉट मिळतो, काम झालं की तो दुसऱ्या कुणाला. 4जी-5जीतही तत्त्व तेच. थोडा वेळ देवाणघेवाण झाली नाही की फोन आयडल, म्हणजे निवांत होतो. त्याचा आयपी पत्ता (नेटवरची त्याची ओळख) कायम राहतो, पण रेडिओ चॅनल मोकळा होतो. मोजले जातात ते आलेगेलेले बाइट, वेळ नाही. म्हणजे 'अडकलेल्या लाइन'चा दावाही इथेच निकालात निघाला.

मग सकाळी डेटा कमी झालेला का दिसतो? ॲप्समुळे. फोटोंचा बॅकअप, ॲप अपडेट, आणि पहाटेपासून आपोआप डाउनलोड होणारी गुड मॉर्निंगची चित्रं (हा मेसेज पाठवणारेच ती जास्त पाठवतात, असा माझा संशय आहे). सेटिंग्जमध्ये 'डेटा वापर' उघडा, ॲपवार आकडे समोर येतील. जे ॲप खादाड निघेल त्याचा बॅकग्राउंड डेटा बंद करा. रात्री सगळंच बंद केलंत, तर अडलेलं बरंचसं काम सकाळी बटण चालू करताच उरकलं जातं.

लोकांची भीती मात्र उगाच नाही. पॅक नसताना 10 केबीला 10 पैसे असे दर आपण पाहिलेत; चुकून नेट चालू राहिलं की टॉकटाइमचा फडशा. त्या तक्रारींनंतरच 2015 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय नेट सुरू करायला मनाई केली आणि चालू-बंद करण्यासाठी 1925 हा नंबर ठेवायला लावला.

राहिला कॉलचा मुद्दा. व्होएलटीई, म्हणजे 4जीवरून लागणाऱ्या साध्या कॉलमध्ये आवाज पॅकेटमधूनच जातो, हे खरं. पण त्यासाठी नेटवर्कमध्ये वेगळी वाट राखलेली असते आणि तो कॉल म्हणूनच मोजला जातो, तुमच्या रोजच्या जीबीतून नाही. पडताळायचं असेल तर डेटाचं बटण बंद करून कुणालाही फोन लावा. व्होएलटीई सुरू असेल तर कॉल 4जीवरूनच लागेल. व्हॉट्सॲप कॉल मात्र त्याच वेळी लावून बघा, वाय-फाय नसेल तर लागणार नाही. जीबी खातो तो हा कॉल.