न्यू ऑर्लिन्सच्या थडग्यांवर फुल्या मारायला सांगणारा तो मेसेज

अमेरिकेला जाणाऱ्या प्रत्येकाला सध्या एक फॉरवर्ड येतोय. न्यू ऑर्लिन्सला प्रेतं पाण्यावर तरंगतात म्हणून थडगी जमिनीच्या वर बांधतात, सेंट लुईस नंबर वन सिमेट्रीत (म्हणजे दफनभूमीत) एकटे जा, वूडू क्वीन, म्हणजे वूडू धर्माची राणी म्हणवल्या जाणाऱ्या मारी लावोच्या थडग्यावर तीन फुल्या मारा की इच्छा पूर्ण, आणि मग काळ्या जादूचं म्युझियम बघा. यातलं एकही वाक्य धड नाही.

आधी प्रेतांचं. तिथे जमिनीखालचं पाणी बरंच वर आहे हे खरंच, पण तेवढंच कारण असतं तर जमिनीत कोणी पुरलंच नसतं. गावातली आधीची सेंट पीटर स्ट्रीटची दफनभूमी जमिनीतलीच होती, आणि होल्ट सिमेट्रीत अजूनही मातीतच पुरतात, जॅझवाला बडी बोल्डन तिथेच कुठेतरी आहे. वर बांधायची पद्धत फ्रेंच-स्पॅनिश लोकांची, आणि ती टिकली कारण जागा वाचते. एक वर्ष आणि एक दिवस थडगं उघडायचं नाही असा तिथला रिवाज, तोवर उन्हाने आत भट्टीसारखं तापून फक्त हाडं उरतात, ती मागे किंवा खालच्या खड्ड्यात सारायची आणि त्याच जागेत पुढची शवपेटी, म्हणून एकेका थडग्यावर नावांची लांबलचक यादी दिसते. भिंतीतल्या कप्प्यांना तर ते लोक ओव्हनच म्हणतात!

आता फुल्या. हे वाचून माझं डोकंच फिरलं. फुल्या मारा, नवस फळला की परत येऊन त्याभोवती गोल काढा आणि काहीतरी ठेवा, ही टूरिस्ट लोकांनी पसरवलेली गोष्ट आहे, वूडू मानणारेच म्हणतात आमचा याच्याशी संबंध नाही. थडगं म्हणजे मऊ विटा आणि वरून चुन्याचा गिलावा, त्याला श्वास घ्यायला लागतो. 2013 च्या डिसेंबरात कोणीतरी फुल्या झाकायला मारी लावोचं आख्खं थडगं गुलाबी रंगवलं, तेही लेटेक्स पेंटने, म्हणजे ओल आत कोंडणार, मग ते काढायच्या नादात अजून नुकसान. 2014 मधे नीट दुरुस्ती झाली आणि 2015 च्या मार्चपासून चर्चने गेटच बंद केलं, लायसन्सवाला गाइड असेल तरच आत. एकटे जायचंय तर तुमचं कोणीतरी तिथे पुरलेलं पाहिजे.

आणि हो, मेसेजमधे अजून एक सिमेट्री आहे, लाफायेत नंबर वन, ती 2019 मधे दुरुस्तीसाठी बंद केली होती, आधी चौकशी करा.

त्या वूडू म्युझियमबद्दल काय बोलायचं. चार्ल्स गँडॉल्फो नावाच्या चित्रकाराने 1972 मधे सुरू केलं, छोटंसं आहे, वेद्या, मूर्ती, चित्रं, लोकांनी ठेवलेले पैसे आणि चिठ्ठ्या. काळी जादू शोधायला गेलात तर निराश व्हाल. वूडू हा पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा धर्म, 1724 च्या फ्रेंच कायद्याने गुलामांना कॅथलिक करणं सक्तीचं केलं, मग त्यांनी आपले देव संतांच्या आड ठेवले, पापा लेग्बा म्हणजे सेंट पीटर वगैरे. 1809 मधे हैतीचे हजारो निर्वासित क्युबामार्गे आले आणि त्यात अजून भर पडली. खुद्द मारी लावो चर्चला जाणारी कॅथलिक बाई होती, 1881 मधे वारली. आणि सुया टोचलेली बाहुली? ती युरोपातल्या जादूटोण्याची, सिनेमावाल्यांनी ती वूडूच्या गळ्यात मारली आणि दुकानदारांनी विकली.

मेसेजमधे हॉलिवूडचा नट निकोलस केजने स्वतःसाठी बांधून ठेवलेल्या पांढऱ्या पिरॅमिडचा फोटो आहे, जो अजून रिकामाच आहे. पण त्याच सिमेट्रीत होमर प्लेसी नावाचा मिश्रवंशीय माणूस आहे, जो 1892 मधे रेल्वेत गोऱ्यांच्या डब्यात मुद्दाम जाऊन बसला, केस सुप्रीम कोर्टात गेली, 1896 मधे हरला आणि काळ्यांसाठी वेगळे डबे, वेगळ्या शाळा पुढची साठेक वर्षं कायदेशीर राहिल्या. त्याचं नाव एवढ्या लांब मेसेजमधे कुठेच नाही.