कंट्रोलचं धान्य: किलो कायद्याचे, भाव मंत्रिमंडळाचा

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, धान्याबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘फुकट धान्य साहेबांनी दिलं. सरकार बदललं की कार्ड बंद. मत फिरलं की नाव कटते. कंट्रोलवाल्याची तक्रार करून काही होत नाही.’ यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची तीन भीती घालायला जोडलेली.

आधी ‘साहेबांनी दिलं’. प्राधान्य कार्डावर माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, कार्डामागं 35 किलो हे राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात लिहिलेलं आहे. मनमोहनसिंग सरकारच्या काळात, 2013 साली, संसदेनं तो केला. महाराष्ट्रात 1 फेब्रुवारी 2014 पासून तो लागू झाला. तेव्हा तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो होता. हा भाव शून्यावर आणला मोदी सरकारच्या मंत्रिमंडळानं, जानेवारी 2023 पासून. मग जानेवारी 2024 पासून पाच वर्षांची मुदत दिली. म्हणजे किलो कायद्याचे, भाव मंत्रिमंडळाचा. फुकटचं श्रेय ज्याचं त्याला द्या, पण पोतं त्याच्या घरचं नाही.

‘सरकार बदललं की बंद’ हे त्यामुळंच चूक. नवं मंत्रिमंडळ भाव पुन्हा लावू शकतं. किलो कमी करायचे तर संसदेत कायदा बदलावा लागेल.

एका बाबतीत मात्र मेसेजवाल्याची भीती खरी आहे, आणि ती नेमकी आपल्याकडची. अमरावती विभागाचे पाचही जिल्हे, वर्धा आणि मराठवाड्यातले आठ, अशा 14 शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या (दारिद्र्यरेषेवरच्या) शेतकऱ्यांना 2015 पासून सवलतीत धान्य मिळायचं. ते कायद्यातलं नव्हतं; राज्याच्या शासन निर्णयानं आलं होतं. 2023 मध्ये दुसऱ्या निर्णयानं धान्य जाऊन माणशी महिना 150 रुपये आले, 2024 मध्ये त्याचे 170 झाले. पाच जणांच्या घराला 850 रुपये. हे पैसे कुटुंबप्रमुख बाईच्या आधार जोडलेल्या खात्यात जातात. खातं नवऱ्याच्या नावाचं दिलं, किंवा कार्डावर प्रमुख म्हणून अजून सासऱ्याचंच नाव असलं, की अर्ज अडकतो.

आता ‘मत फिरलं की नाव कटते’. दुकानातल्या पॉस मशीनला, अंगठा घेऊन पावती देणाऱ्या यंत्राला, तुमचं मत कळत नाही, अंगठा कळतो. नावं अडकतात ती वेगळ्याच कारणांनी. कार्डावरच्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, लागते. कुटुंबप्रमुखानं एकट्यानं केली म्हणून सगळ्यांची होत नाही. कामासाठी पुण्या-सुरतेला गेलेल्या पोराला त्यासाठी गावी यायची गरज नाही, तिथल्या रेशन दुकानातही होते. लहानपणी आधार काढलेल्या पोरांचे ठसे 5 आणि 15 वर्षांनंतर नव्यानं द्यावे लागतात. ते दिले नसतील तर मशीन दहा वेळा नाकारतं आणि बोल कंट्रोलवाल्याला बसतो. कापूस वेचून, सिमेंट कालवून झिजलेल्या बोटांचंही तसंच: दुसरं बोट लावून पाहा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या सदस्याला पाठवा.

सुनेचं नाव वर्षानुवर्षं चढत नाही, यामागं दोन गोष्टी असतात. माहेरच्या कार्डावरून ते कमी झाल्याचा दाखला नसतो, किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत उत्तर मिळतं, ‘इष्टांक शिल्लक नाही’, म्हणजे ठरवून दिलेल्या लाभार्थ्यांच्या आकड्यात जागा नाही. हे उत्तर बहुतेकदा खोटं नसतं. राज्याला सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आहे आणि ती 2011 च्या जनगणनेवर बेतलेली आहे. सून येते, पोरं जन्मतात, आकडा तिथंच. कोणी मेलं, कोणी अपात्र ठरलं, तरच जागा होते. नेत्याला जाब विचारायचाच तर हा विचारा. सभेत मात्र हा प्रश्न क्वचितच निघतो.

कायद्यातही खोट आहेच. अंत्योदयला माणसं मोजत नाहीत. दोघांच्या घरालाही 35 आणि नऊ जणांच्या घरालाही 35. तेच नऊ जण प्राधान्य कार्डावर असते तर 45 मिळाले असते.

राहिली तक्रार. भांडण तोंडी होतं म्हणून विरतं. पॉसची पावती मागा. पाच युनिटला, म्हणजे पाच माणसांना, 25 किलो लिहिलं आणि काट्यावर 24 भरलं, तर पावतीच पुरावा. ‘पोत्यात घट येते’ हे कारण चालत नाही, घट तुमच्या वाट्यातून कापायची नसते. तक्रारीत कार्डाचा 12 अंकी नंबर, महिना, पावतीवरचं वजन आणि प्रत्यक्ष वजन एवढंच लिहा, आणि तहसीलला देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. फोन करायचा तर 1967. तिथं हललं नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यावर राज्य अन्न आयोग. या जिल्हा अधिकाऱ्यानं सुचवलेला दिलासा कारण नसताना न देणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग 5,000 रुपयांपर्यंत दंड करू शकतो. शिक्क्याची प्रत नसेल तर तिथं पहिला प्रश्न हाच येतो: तक्रार दिली कधी?