वानखेडेला मॅच बघायला जायची योग्य पद्धत

सगळ्यात आधी वानखेडेला "नवीन स्टेडियम" म्हणायची सवय लावून घ्या. 2011 च्या वर्ल्ड कपसाठी तोडफोड करून नवं केलं त्याला दीड दशक होत आलं हे खरंय, पण आपल्या मुंबईत रिडेव्हलप झालेली बिल्डिंग पुढच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग लागेपर्यंत नवीनच असते. समोर कोणी गिरगावातला जुना माणूस असेल तर तो लगेच सुरू होईल, की आमच्या वेळी सिमेंटच्या पायऱ्या होत्या, दुपारी बुड भाजायचं, खाली पेपर घालून बसायचो, डब्यात पुरीभाजी असायची. त्याला बोलू द्या, मधे तोडू नका, तो आता नालासोपाऱ्याला राहतो, त्याला तेवढंच.

आपण फक्त एक हिशोब लक्षात ठेवायचा. बाकी मुंबईत चार मजली चाळ पाडली की तिथे बावीस मजली टॉवर येतो आणि चौपट माणसं राहायला येतात. वानखेडेत उलटं झालं. आधी चाळीस हजाराच्या वर पब्लिक मावायचं, रिडेव्हलपमेंटनंतर साधारण 33,000. मात्र प्रत्येकाला स्वतःची बकेट सीट, डोक्यावर टेफ्लॉनच्या कापडाचं छप्पर, आणि ते छप्पर असं टांगलंय की मधे एकही खांब आडवा येत नाही. एकदम झकास काम, त्यात वादच नाही. जी वरची माणसं उरली त्यांना ट्रान्झिट कॅम्पात पाठवलंय. ट्रान्झिट कॅम्प म्हणजे तुमच्या घरचा सोफा, आणि म्हाडाच्या ट्रान्झिट कॅम्पातनं कोणी परत आलेलं तुमच्या ऐकण्यात असेल तर मला पण सांगा.

आता तिकीट. तिकिटाची चिडचिड करायची नाही, कारण हे स्टेडियमच मुळात तिकिटाच्या भांडणातनं जन्माला आलंय. ब्रेबॉर्न 1937 पासून तिथे शेजारीच होतं की, चांगलं टुमदार, पण ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, आणि मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनला हवी तेवढी तिकिटं मिळेनात. मग असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे, जे तेव्हा विधानसभेचे पण अध्यक्ष होते, त्यांनी सरळ हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं केलं, ते पण जेमतेम वर्षभरात. मुंबईत वर्षभरात आज एक स्कायवॉक दुरुस्त होत नाही. जानेवारी 1975 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली टेस्ट, क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद 242, त्याला हात मिळवायला एक पोरगा आत धावला, पोलिसांनी त्याला बदडलं आणि मग स्टँडातल्या पब्लिकने जो काही राडा घातला... तर परंपरा जुनी आहे, घाबरू नका.

म्हणजे तिकिटं मिळत नाहीत म्हणून बांधलेलं स्टेडियम, आणि 2011 च्या फायनलला काय झालं? तेहतीस हजारांपैकी बहुतेक तिकिटं क्लबांना आणि आयसीसीला गेली, जाहीर विक्रीला जेमतेम 4,000. त्यातली ऑनलाइन काढली तर वेबसाइटच झोपली. पंधरा वर्षांत प्रगती अशी की आता वेबसाइट झोपत नाही, ती जागी असते आणि तुम्हाला रांगेत उभं करते. तुमच्या पुढे इतके लाख लोक आहेत, पान रिफ्रेश करू नका. करू नका म्हटलंय तर करू नका. बायकोचा फोन, मुलाचा लॅपटॉप, ऑफिसातला कॉम्प्युटर, सगळीकडून रांग लावा, आणि शेवटी ओळखीतल्या त्या माणसाला फोन करा ज्याचा मेव्हणा कुठल्यातरी क्लबचा मेंबर आहे. तिकिटं शेवटी तिथूनच येतात, रांग लावायची ती फक्त आपण प्रामाणिक प्रयत्न केला असं वाटावं म्हणून.

समजा मिळालं. आता जायचं कसं?

गाडीने जा. खरंच जा. कोस्टल रोड झालाय ना, वरळीहून बोगद्यातनं सुसाट मरीन ड्राइव्हला बाहेर पडाल, समुद्र बघाल, सुमारे 14,000 कोटी कसे वसूल झाले असं वाटेल, आणि त्यानंतर त्याच मरीन ड्राइव्हवर पहिली इनिंग रेडिओवर ऐकाल. स्टेडियमचे फ्लडलाइट समोर दिसत असतात, तेवढ्यावर मन भरलं तर उत्तम. पार्किंगचा विचार तुम्ही करू नका, तो ट्रॅफिकवाले करतील, टोइंग व्हॅन घेऊन.

मेट्रोवाल्यांचं बरं आहे. आरे ते कफ परेड, 33.5 किलोमीटर, 27 स्टेशनं, ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण चालू, आणि चर्चगेटला स्टेशन. अंधेरी-घाटकोपरवाल्यांनी मरोळ नाक्याला बदलायची, एसी, घाम नाही, धक्का नाही, जर्सीची इस्त्री मोडत नाही. जाताना इतकं छान वाटतं की तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर "मुंबई बदलतेय" असं स्टेटस ठेवता. मग येताना एक बारीकशी गोष्ट लक्षात येते, की रोजच्या टाइमटेबलात शेवटची मेट्रो साडेदहाच्या आसपास आणि आयपीएलची मॅच साडेसातला सुरू होऊन संपते साडेअकराला. मॅचच्या दिवशी वेळ वाढवलीये का ते आधी बघून घ्या. वाढवली नसेल तर दुसऱ्या इनिंगच्या पाचव्या ओव्हरला उठायचं आणि शेजारच्याला म्हणायचं, "काय राहिलंय आता या मॅचमध्ये." बरोब्बर त्यानंतरच मॅच फिरते.

तर शेवटी लोकल. आपली लोकल. लोकलने जाणाऱ्याला वाटतं की खरी परीक्षा चढण्याची. अजिबात नाही, खरी परीक्षा चर्चगेटला उतरण्याची आहे, आणि हे मी जरा नीट सांगतो कारण यात बऱ्याच जणांचा टॉस हुकलाय.

संध्याकाळी सहा-सव्वासहाची वेळ धरा. तुम्ही गोरेगावहून निळी जर्सी घालून निघालात, चर्चगेटकडे जाणारी स्लो गाडी त्या वेळेला रिकामी, पंख्याखालची विंडो मिळाली, वाटतं आज दिवसच आपला आहे. मग ग्रँट रोड, चर्नी रोडपासून माणसं चढायला लागतात. ती मॅचला चाललेली नाहीत. ती रिटर्न मारतायत, म्हणजे घरी जायची सीट पकडायला उलटी चर्चगेटपर्यंत येतायत, आणि त्यांच्या दृष्टीने तुम्ही त्यांच्या सीटवर बसलेला एक रंगीत कपड्यातला माणूस आहात. "उतरणार ना?" असं विचारतील, तुम्ही मान हलवली की तुमचा गुडघा बाजूला व्हायच्या आत तिथे एक ब्रीफकेस आलेली असते. इथवर ठीक. मरीन लाइन्स गेलं की तुम्ही दरवाज्याशी येता, गाडी प्लॅटफॉर्मला लागते, अजून थांबलेली नाही, आणि बाहेरचं पब्लिक आत यायला लागतं. एक हात दांड्याला, बॅग पोटावर, पाय प्लॅटफॉर्मवर पळतायत आणि अर्ध्या सेकंदात माणूस आत, त्याच्या मागे दुसरा, खिडकीतनं एक रुमाल येऊन तुमच्या जुन्या सीटवर पडतो.

"ओ भाऊ, उतरायचंय!"

"मग आधी उतरायचं ना!"

गाडी थांबायच्या आधी उतरायचं, हा नियम तुम्हाला कोणी सांगितला नव्हता, आता मी सांगितला. उतरता नाहीच आलं तर घाबरू नका. तीच गाडी परत फिरते, पुढचं स्टेशन मरीन लाइन्स, तिथे उतरा आणि मागे चालत या, स्टेडियम दोन्हीच्या मधेच आहे. आणि मरीन लाइन्सला पण नाही जमलं तर बोरिवलीला मोठा टीव्ही असलेली चिक्कार हॉटेलं आहेत.

मध्य रेल्वेवाल्यांसाठी वेगळं काही लिहीत नाही. मॅच रविवारी असते आणि मेगाब्लॉक पण रविवारी असतो, हे तुमचं आणि रेल्वेचं आपसातलं आहे.

आता बॅग. ऑफिसातनं थेट जाणाऱ्यांनी बॅग न्यावीच, म्हणजे गेटवरच्या माणसाशी चार शब्द बोलणं होतं. "बॅग अलाऊड नाही साहेब." अहो पण ठेवू कुठे? "ते तुम्ही बघा." मग तुम्ही बघता तर रस्त्यापलीकडच्या एका टपरीवर बॅगांचा डोंगर असतो आणि टपरीवाला बॅगेवर खडूने नंबर टाकून पैसे घेत असतो, पावती वगैरे नाही, विश्वासावर सगळं. लॅपटॉप तिथे ठेवायचा आणि आत जाऊन निवांत मॅच बघायची, हे ज्याला जमतं तो माणूस खरा अध्यात्मिक. पाण्याची बाटली चालत नाही, पॉवर बँक चालत नाही, छत्री चालत नाही, घरचा चिवडा तर मुळीच नाही, आणि खिशातली नाणी पण काढून ठेवावी लागतात. मात्र तिकीट तुमच्या मोबाइलवर, मोबाइलची बॅटरी अकरा टक्के आणि पॉवर बँक टपरीवर, ही व्यवस्था ज्याने कोणी ठरवली त्याला मॅन ऑफ द मॅच द्यायला हवा.

आणि तुमचं गेट नेहमी पलीकडच्या बाजूला असतं. तुम्ही कुठूनही या, ते पलीकडेच असतं. बॅरिकेडवाल्या हवालदाराला विचाराल तर तो हाताने एक मोठं अर्धवर्तुळ काढून दाखवेल. ते पूर्ण चालायचं.

आत गेलात की पत्ता नीट वाचायला शिका. मे 2025 पासून स्टँडना आणखी नावं मिळालीत. दिवेचा पॅव्हेलियनची लेव्हल 3 आता रोहित शर्मा स्टँड. ग्रँड स्टँडची लेव्हल 3 म्हणजे शरद पवार स्टँड आणि लेव्हल 4 म्हणजे अजित वाडेकर स्टँड. म्हणजे पवारसाहेबांच्या वरच्या मजल्यावर वाडेकर. महाराष्ट्राच्या राजकारणात भल्याभल्यांना जे जमलं नाही ते एका डावखुऱ्या कॅप्टनने शांतपणे करून दाखवलं. सचिनचा पुतळा पण बघून घ्या, नोव्हेंबर 2023 मध्ये बसवला, तेव्हा नेटवर लोक म्हणाले स्टीव्ह स्मिथसारखा दिसतो, तुम्ही असं काही मोठ्याने म्हणू नका, आजूबाजूला दादर-बांद्र्याची माणसं असतात. 2 एप्रिल 2011 ला धोनीचा तो षटकार जिथे पडला ती जागा पण स्मारक म्हणून ठेवलीये. स्मारक म्हणजे तिथे तुम्हाला बसता येणार नाही, हे वेगळं सांगायला नको, मुंबईत जागा अशाच जातात.

ज्यांना खरंच फक्त क्रिकेट बघायचंय त्यांनी रणजी बघावी. मार्च 2024 मध्ये इथेच फायनल झाली, मुंबईने विदर्भाला हरवून 42 वी रणजी मारली. रणजीच्या साध्या मॅचला कोणी धक्का देत नाही, चार खुर्च्यांवर आडवं पडून बघा, बोलर काय पुटपुटतो ते पण ऐकू येतं. पण मग फोटो कोण लाइक करणार, जाऊ दे.

आणि टी-20 वर्ल्ड कप जिंकल्यावरची जुलै 2024 ची परेड विसरू नका. तेव्हा वानखेडेत प्रवेश फुकट होता, संध्याकाळी ओपन बस मरीन ड्राइव्हवरनं निघाली आणि दुसऱ्या दिवशी तिथे चपलांचे ढीग. मुंबईकराला काही फुकट मिळालं तर त्याची किंमत एक चप्पल असते. बूट घालून जा, लेस आवळून.

मॅच संपल्यावर तेहतीस हजार माणसं चर्चगेटच्या चार प्लॅटफॉर्मकडे निघतात. इथे माझा काही सल्ला नाही, इथे तुम्ही चालत नसता, तुम्हाला नेलं जातं. फक्त आपली गाडी कुठे जाते ते एकदा इंडिकेटरवर बघा, बोरिवली समजून विरारमध्ये चढलेल्या माणसाचं मध्यरात्री जे होतं ते बघवत नाही.

आता इतकं सगळं वाचून तिकीटच मिळालं नाही तर? तर त्यांच्यासाठी खरा स्टँड सांगतो, रिडेव्हलपमेंटमध्ये याला कोणी हात लावलेला नाही. रात्री आठ-साडेआठची चर्चगेटहून सुटणारी स्लो पकडा, पाच रुपयांपासून तिकीट, मेव्हणा लागत नाही. डावीकडची विंडो. गाडी सुटली की लगेच स्टेडियम येतं, आत काय चाललंय ते दिसायचं नाव नाही, पण आवाज येतो, आणि नशिबाने पुढे सिग्नल लाल असेल तर गाडी तिथेच उभी राहते. डब्यात कोणीतरी काका फोनवर मॅच लावून बसलेले असतातच. फोनवरची मॅच खऱ्या मॅचच्या काही सेकंद मागे चालते. म्हणजे भिंतीपलीकडून तेहतीस हजारांची आरोळी आलेली असते आणि काकांच्या फोनवर बोलर अजून बॉल पँटला घासत उभा असतो.

नुसती आरोळी असेल तर फोर-सिक्स, आरोळी उठून मधेच "अरे..." होऊन बसली तर कॅच सुटला, एकदम गप्प झालं तर आपला गेला. हे ऐकायचं, आणि काकांना विचारायचं, "काका, लावता का, या बॉलला सिक्स?" पैसे नको, वडापाव ठरवा. एक-दोनदा मुद्दाम हरा म्हणजे संशय येत नाही. आणि जे काय लावायचं ते सिग्नल पडायच्या आत लावा, मरीन लाइन्स गेलं की आवाज बंद, मग तुम्ही आणि काका सारखेच अडाणी.