मोबाइलवर पुस्तक वाचता येत नाही? आधी फाइल उघडून दाखवा

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला चार व्हॉट्सॲप गटांत आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : सहा इंचांच्या पडद्यावर पुस्तक वाचताच येत नाही, डोळे बिघडतात, वाचलेलं लक्षात राहत नाही आणि फुकटच्या फाइलींपायी मराठी प्रकाशक बुडाले. शेवटी कागदाच्या वासावर दोन हळव्या ओळी. वासाचं सोडून देते, तो मलाही आवडतो. मी मुद्रितशोधन करते, माझं पोट कागदावरच भरतं. हल्ली ई-पुस्तकांची प्रुफंही टेबलावर येतात, म्हणून बाकीच्या मुद्द्यांवर बोलायला हवं.

‘पडदा लहान, म्हणून वाचता येत नाही.’

असं म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारते : उघडलं होतंत काय? दहातल्या नऊ वेळा पीडीएफ निघते, तीही स्कॅन केलेली. आपलं डेमी आकाराचं पुस्तक साडेपाच इंच रुंद, म्हणजे चौदा सेंटिमीटर. फोनच्या पडद्याची रुंदी जेमतेम सात. अख्खं पान त्यात बसवलं की बारा पॉइंटचा टाइप सहाचा होतो. रोमन लिपी त्यात कशीबशी तग धरते. आपल्याकडे अक्षराच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार, त्यामुळे आधी तेच पुसट होतात. मग माणूस चिमटीने पान मोठं करतो, ओळ पडद्याबाहेर जाते, आणि प्रत्येक ओळीला मागावरच्या धोट्यासारखं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे करावं लागतं. तिसऱ्या पानावर तो फोन ठेवून देतो. मीही ठेवला असता.

पण पीडीएफ ही मुळात छापील पान जसंच्या तसं गोठवून ठेवण्याची सोय आहे. ईपब या ई-पुस्तकांसाठीच्या फाइलप्रकाराचं तसं नाही. त्यात पान नसतंच, मजकूर असतो. अक्षर मोठं केलं की ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने पडतात. एका ओळीत चार-पाच शब्द येतात. वर्तमानपत्राच्या स्तंभात तरी याहून किती जास्त असतात? आळंदीला हरिपाठाच्या तळहाताएवढ्या पुस्तिका मिळतात. त्या वाचणाऱ्या वारकऱ्याला ‘हे काही खरं वाचन नव्हे’ असं सांगायची कुणाची छाती झालेली मी ऐकलेली नाही.

मग मराठी पुस्तकं सरसकट ईपबमध्ये का मिळत नाहीत? इथे खरी गोम आहे, आणि तिचा पडद्याशी संबंध नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर जगभरच्या लिप्यांसाठी ठरवलेल्या सामाईक पद्धतीत, देवनागरी 1991पासून आहे. पण आपली अक्षरजुळणी त्यानंतरही कैक वर्षं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत होत राहिली. त्या फॉन्टांत ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क, म्हणजे डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. जुनी फाइल नव्यात बदलताना वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, रफार एक घर पुढे सरकतो. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ होत्या, त्यांचा ‘सह्याद्रीच्या दर्या’ झालेला मी स्वतः पकडला आहे. डोंगरात समुद्र! म्हणजे अख्खं पुस्तक पुन्हा ओळीवर बोट ठेवून वाचणं आलं, त्याचे पैसे आले. त्यापेक्षा छपाईची पीडीएफ चिकटवून देणं स्वस्त पडतं. वाचक बोल लावतो तो मात्र फोनला.

‘डोळे बिघडतात.’

डोळे शिणतात, हे खरं. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून ते कोरडे पडतात. फोन आपण पुस्तकापेक्षा जवळ धरतो, म्हणून ताण वाढतो. नेत्रतज्ज्ञ सांगतात तो 20-20-20चा नियम यासाठीच आहे : दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहायचं. पण शिणणं वेगळं आणि बिघडणं वेगळं. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीचंही म्हणणं आहे. झोप बिघडते, हे मात्र मान्य. रात्री दिवा मालवून लखलखीत पडद्यावर वाचू नका.

आणि ज्यांचे डोळे आधीच थकलेत त्यांचं काय? माझी आई शहात्तर वर्षांची आहे. वाचनालयाच्या जुन्या कादंबऱ्यांचा टाइप तिला भिंगाखालीही लागेना. आता ती फोनवर अक्षर इतकं मोठं करते की एका वेळी बारा-पंधरा शब्दच मावतात. सारखं बोट फिरवत बसते, मला बघूनच कंटाळा येतो. पण या पावसाळ्यात तिच्या तीन कादंबऱ्या झाल्या.

‘लक्षात राहत नाही.’

इथे संदेशाला अर्धे गुण. 2018 साली एका अभ्यासगटाने 54 संशोधनं एकत्र करून पाहिली. त्यांत एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचक होते. माहितीपर मजकुरात, विशेषतः वेळेचं बंधन असताना, कागद सरस ठरला. नुसत्या गोष्टी-कथांत फरक आढळला नाही. तेव्हा परीक्षेचा अभ्यास छापील पुस्तकावर करा, जरूर. पण लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने रहस्यकथा वाचणाऱ्याला या आकड्यांनी घाबरवू नका. दुसऱ्या हातात डेमी आकाराचं चारशे पानी पुस्तक धरून त्याच हाताने पान उलटून दाखवा, मग बोलू.

युनेस्कोने 2014 साली भारतासह सात देशांत फोनवर वाचणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली होती. 62 टक्के लोकांनी सांगितलं की फोनवर वाचता येऊ लागल्यापासून आपलं वाचन वाढलं. अर्थात हे सगळे वाचनाचं ॲप आधीच वापरणारे होते, तेव्हा आकडा जपूनच घ्यावा. पण फोनने वाचन मारलं, असं तरी त्यातून दिसत नाही.

‘फुकटच्या फाइलींनी प्रकाशक बुडाले.’

हयात लेखकाचं पुस्तक स्कॅन करून वाटणं ही चोरीच आहे. गंमत अशी, की एका गटात हा संदेश पडला आणि तासाभरात तिथेच एका लेखिकेची चालू आवृत्तीतली कादंबरी आली. तिरकी स्कॅन केलेली, मधल्या पानांवर अंगठ्याची सावली. खाली अकरा नमस्कार. या चोरीला फोन कारण नाही, फोनवर वाचणारा तर मुळीच नाही. त्याला ती फाइल वाचताच येणार नाही.

बिनचोरीचं बरंच आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे 2011पासून त्यांचं साहित्य मोकळं आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली पुस्तकं संकेतस्थळावर विनामूल्य देतं. ॲमेझॉनच्या किंडल या ई-वाचकावर मराठी पुस्तकं डिसेंबर 2016पासून विकत मिळतात, आणि किंडलचं ॲप साध्या स्मार्टफोनवरही चालतं.

लहान पडद्याचं एक खरं दुखणं मात्र त्या संदेशात नव्हतंच : मुक्तछंदातली कविता. अभंगाचे चरण आखूड, ते नीट बसतात. कवीने लांब ठेवलेली ओळ फोनवर मोडते, आणि ती त्याने मोडली की पडद्याने, हे वाचकाला कळत नाही. परवाच एका संग्रहाच्या प्रुफावर मी शेरा मारला : ‘मोडलेली ओळ दोन अक्षरं आत घ्या.’ अजून उत्तर आलेलं नाही.