एक तास तरी बसू द्या

दिवाळीच्या सुट्टीनंतर माझा आठवीतला मुलगा शाळेत जायचा थांबला. हे इथे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस घालवले. शेवटी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "माझं नाव टाकू नकोस. बाकी लिही."

सुरुवात रविवारी संध्याकाळी व्हायची. ताटातलं अन्न तसंच राहायचं, मग पोट दुखायला लागायचं. सोमवारी व्हॅनवाल्या काकांनी हॉर्न दिला की हा बाथरूमला आतून कडी लावून बसलेला. दुपारी बारापर्यंत पोट बरं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरातच निकाल लागतो : नाटकं करतोय. मीही तोच लावला होता. एकदा त्याच्या बाबांनी त्याला उचलून रिक्षात बसवलं. त्याने रिक्षाचा दांडा असा धरला होता की बोटं पांढरी पडली. हट्टी मुलाची बोटं अशी होत नाहीत. त्या दिवशी आम्ही रिक्षा परत पाठवली.

त्या रात्री दीड वाजता मी १४४१६ फिरवला. टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. पुढे समुपदेशक मिळाल्या. त्या म्हणाल्या, पोट खरंच दुखतं, भीती पोटातच उतरते. घरी राहिलं की लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच दुसऱ्या दिवशी उंबरा ओलांडणं आणखी जड जातं. म्हणून ढकलायचं नाही, आणि सोडूनही द्यायचं नाही.

मग शाळेच्या वेळात मोबाईल-टीव्ही बंद. उठणं, आंघोळ रोजच्याच वेळी, डबा मधल्या सुट्टीच्या वेळीच उघडायचा. संध्याकाळी कचराळी तलावाला फेऱ्या. नंतर त्या फेऱ्या लांबवत शाळेच्या बंद फाटकापर्यंत. फाटकाला हात लावून परत यायला पाच आठवडे लागले.

या काळात एका लग्नात एक नातेवाईक हसत म्हणाले, "तुम्ही तर ठाण्यातच राहता, लांब न्यायला नको." १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे आणि तेव्हापासून आपल्याला हा एकच विनोद सुचतोय का? मुलगा शेजारी उभा होता. त्याने हातातली प्लेट तशीच ठेवून दिली.

पण माझं खरं भांडण शाळेशी आहे. आम्ही विनंती केली, सुरुवातीला रोज एकच तास बसू द्या, चित्रकलेचा. उत्तर आलं, "पूर्ण दिवस आणा, नाहीतर मेडिकल सर्टिफिकेट द्या. अर्धवट यायची पद्धत आमच्याकडे नाही." त्याच शाळेत पोहण्याच्या स्पर्धांना जाणाऱ्या एका मुलीला सकाळचे दोन तास उशिरा यायची सवलत आहे. असायलाच हवी! म्हणजे पद्धत आहे, ती कुणासाठी हे फक्त ठरलेलं आहे.

तरी तो एका मंगळवारी पूर्ण दिवसासाठी गेला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "या साहेब, वाट चुकलात का?" वर्ग हसला. बुधवारी पुन्हा बाथरूमची कडी. पाच आठवडे एका वाक्यात गेले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या बाईंना तरी माहीत असायला हवं होतं.

आणि हा माझा एकटीचा मुलगा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळले होते. साठांच्या वर्गात चार. त्यातलं प्रत्येक मूल शाळा सोडत नाही, पण रोज सकाळी पोट धरून बसणारं एखादं तुमच्याही वर्गात असेल.

नवीन पर्यवेक्षिका आल्यावर मी पुन्हा अर्ज दिला. त्यांनी वाचून एवढंच विचारलं, "त्याला कुठल्या बाकावर बरं वाटेल?" सहा महिन्यांत शाळेने विचारलेला हा पहिला प्रश्न. दाराजवळचा, असं त्याने सांगितलं. आता तो आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास बसतो. गणिताला अजून जात नाही. काल मधल्या सुट्टीत कुणीतरी त्याच्या डब्यातली थालीपीठं संपवली म्हणून घरी येऊन भांडला माझ्याशी, उद्या जास्त दे म्हणाला.