हिरण्यकश्यपू जरा पुढे घ्या

शिगमोत्सवाच्या चित्ररथात काय दाखवायचं यावर आमच्या वाड्यावरच्या मंडळात फारसे वाद होत नाहीत. पौराणिक हवं, हलतं हवं आणि शेजारच्या मंडळापेक्षा उंच हवं, एवढंच. यंदा खांबातून प्रकटणारा नृसिंह ठरला. वाद होतो तो हे सगळं फोंड्याकडून पणजीला ओढून कोण नेणार यावर. यंदा तोही झाला नाही, कारण अध्यक्षांनी नवी कोरी पिकअप घेतली होती. अध्यक्षांना आम्ही सगळे भाई म्हणतो. "माझी पिकअप डोंगर ओढील," असं भाई म्हणाले. मी सहज विचारलं, "किती किलोचा?"

त्याच बैठकीत मला वजन समितीवर घेण्यात आलं. समितीत दुसरं कोणी नव्हतं.

गाडी विकणाऱ्याला फोन केला. "अडीच टन आरामात," तो म्हणाला. आराम नक्की कोणाला, हे त्याने सांगितलं नाही. मग मी टेक्सासमधल्या भाच्याला गाठलं. तो स्वतः हेवी-ड्यूटी पिकअप बाळगून आहे आणि सुट्टीत तिच्यामागे स्वयंपाकघर-न्हाणीघरासह अख्खं घर जोडून हिंडतो. तिकडच्या वर्गवारीत तिला 'एक टनी' म्हणतात, आणि नीट सज्ज केलेली तसली गाडी सोळा टनांच्या वर ओढते. हे ऐकून भाईंचा चेहरा पडला. त्यांच्या गाडीला कोणी एक टनी म्हटलं असतं तर त्यांनी अपमान मानला असता.

"मामा, विकणाऱ्याचा आकडा विसर," भाचा म्हणाला. "गाडी भरून जास्तीत जास्त किती वजनाची चालते ते बघ, आणि गाडी अधिक ट्रेलर मिळून किती चालतं ते बघ. मग ती तुझ्या सामानासकट, माणसांसकट काट्यावर घाल आणि ते वजन दुसऱ्या आकड्यातून वजा कर. उरेल तेवढाच ट्रेलर."

तिकडे यातला पहिला आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. इकडे पहिला आरसी बुकात मिळाला, २,९५० किलो. दुसरा गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत, ५,००० किलो. ती पुस्तिका भाईंनी प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट देव्हाऱ्यात ठेवली होती. वेष्टन फोडायला मुहूर्त पाहावा लागला नाही, पण भाईंनी आधी हात धुतले.

जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, हे भाच्याने समजावलं. तो फक्त फार सडपातळ लोकांसाठी असतो. गाडी किती ओढते हे कसं मोजायचं, यासाठी अमेरिकेत एसएई जे२८०७ नावाचं मानक आहे. त्यात गाडीत एक चालक आणि एक प्रवासी धरतात, प्रत्येकी १५० पौंडांचे, म्हणजे ६८ किलोंचे. ६८ किलोंचे भाई मी फक्त त्यांच्या लग्नाच्या फोटोत पाहिले आहेत. आणि आमच्या गाडीत चालक, भाई, खजिनदार, मी, शिवाय मागे जनरेटर आणि डिझेलचे कॅन. यातला प्रत्येक किलो ट्रेलरच्या हिश्श्यातून जातो.

त्याच मानकानुसार गाडीला ट्रेलर जोडून ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ, ए.सी. पूर्ण जोरात चालू ठेवून, ठरलेल्या वेगाखाली न येता चढावा लागतो. हे ऐकून भाई खूश झाले. म्हणाले, "आपल्याला कुठे चढ? पणजीला जाताना फर्मागुढीला उतारच आहे!" मला तर त्या उताराचीच धास्ती होती. ओढायला इंजिन लागतं, थांबवायला ब्रेक लागतात, आणि मागचा दोन टन ऐवज पुढच्याला कधी थांबायचं ते विचारत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. आमच्या ट्रेलरचा ब्रेक म्हणजे हातात दगड घेऊन मागून चालणारा एक मुलगा. फर्मागुढीच्या उतारावर त्याला धावावं लागलं असतं.

आता माणसांची वजनं. हा भाग कोणत्याही पुस्तिकेत नाही. हिरण्यकश्यपूने ७२ सांगितलं, पण ते मुकुट आणि गदेशिवाय. द्वारपालांनी एकमेकांची वजनं सांगितली. फुगडीच्या बायकांना तूच विचार, असं खजिनदार म्हणाला. मी वहीत 'सरासरी ५५' लिहिलं आणि वही मिटली.

भाईंनी मात्र "ऐंशीच्या आसपास" म्हणून विषय संपवला. म्हणून वजनकाट्यावर जाणं भाग पडलं.

उसगावच्या बाजूला खनिजाच्या ट्रकांसाठी बांधलेले काटे आहेत. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून त्या धंद्याची घडी पुन्हा पूर्वीसारखी बसली नाही, त्यामुळे काटेवाल्याने आमचं स्वागत जावयासारखं केलं. आधी अख्खी पिकअप माणसांसकट चढवली : २,५४० किलो. म्हणजे ट्रेलरला उरले २,४६०. मग नुसता ट्रेलर, त्यावर खांब, नृसिंह, मोटार आणि लोखंडी सांगाडा : १,८८०. थर्माकोल हलका असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला उभं ठेवणारं लोखंड मोजायला कोणी जात नाही. कलाकारांसाठी राहिले ५८०, आणि माझ्या वहीतले बारा कलाकार भरत होते ७२०. एकूण १४० किलो जास्त, म्हणजे साधारण दोन राक्षस.

"एक राक्षस कमी केला तर?" कोणीतरी म्हणालं. द्वारपाल एकमेकांकडे बघू लागले.

तेवढ्यात काटेवाल्याने उत्साहाच्या भरात भाईंना खाली उतरायला सांगितलं आणि गाडी पुन्हा तोलली. २,४२०. कोणीच वजाबाकी मोठ्याने केली नाही, पण सगळ्यांची झाली. भाई बसने आले तर फक्त २० किलोंचा प्रश्न उरत होता, आणि तो एका ढोलाने सुटला असता.

"काटा दहाच्या पटीत दाखवतो भाई," खजिनदार समजुतीने म्हणाला. "पाच किलोंचा फरक असू शकतो."

"कुठल्या बाजूला?"

"तेच सांगता येत नाही."

भाच्याची शेवटची अट होती हुकावरच्या भाराची. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला हवा. कमी आला तर मागचं धूड वेगात डावी-उजवीकडे डुलू लागतं आणि शेवटी गाडीलाच फिरवतं. फार झाला तर गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि हेडलाइट माडांवर पडतात. घरचा न्हाणीघरातला काटा एवढा भार झेलत नाही, म्हणून फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, आणि ट्रेलरचा दांडा विटेकडून एक तृतीयांश अंतरावर टेकवायचा. काटा दाखवील त्याच्या तिप्पट भार. काट्याने, फळीचं वजन सोडून, ३० दाखवले. म्हणजे ९०. हवे होते निदान १८८.

कारण उघड होतं. खांब, नृसिंह आणि मोटार, सगळं मागच्या टोकाला. "हिरण्यकश्यपू जरा पुढे घ्या, नृसिंहासकट," मी म्हणालो. सुतार भडकला. "नृसिंह मागून प्रकटतो. आणखी पुढे घेतला तर भाईंच्या केबिनमधून प्रकटेल." बराच वेळ हुज्जत घालून तो दोन फूट सरकायला तयार झाला. तेवढ्यात काटा ७० वर आला, म्हणजे २१०. मी टाळी वाजवली. एकट्यानेच.

आणि मग, हुक जोडायला खाली वाकलेल्या वेल्डरच्या पोराने गाडीखालून विचारलं, "हें कितें बरयलां?" हुकाच्या पट्टीवर, चिखलाखाली, एक आकडा ठोकलेला होता : १,५०० किलो.

ट्रेलर कलाकारांशिवायच १,८८० होता. हुक बदलता आला असता, पण मिरवणूक दोन दिवसांवर होती. शेवटी एक ट्रॅक्टर मिळाला. तो पहाटे अंधारातच निघाला, फर्मागुढी पहिल्या गिअरमध्ये उतरला, बाणस्तारीच्या पुलावर त्याच्यामागे लागलेली रांग म्हणे पणजीतल्या मिरवणुकीहून लांब होती. कलाकार बसने गेले. भाईंची पिकअप जनरेटर आणि भाईंना घेऊन ऐटीत पुढे, ट्रेलरशिवाय. नृसिंह वेळेवर प्रकटला, जरा पुढूनच. 'ओस्सय ओस्सय'चा गजर झाला, बक्षीस शेजारच्या मंडळाला मिळालं.

सध्या वाद वेगळाच चालू आहे. काट्याच्या दोन्ही पावत्या खजिनदाराने हिशेबाच्या वहीला टाचल्या आहेत. पहिलीवर 'भाईंसह', दुसरीवर 'भाईंविना' असं त्याने लाल शाईत लिहिलं आहे, का तर ऑडिटरला कळायला हवं. भाई म्हणतात, त्या काढ, काट्याचे पैसे मी खिशातून देतो. खजिनदार म्हणतो, देणगी म्हणून देत असाल तर पावती फाडावी लागेल, आणि देणगी कशासाठी ते तिच्यावर लिहावं लागेल.